शोकात्मिकेतून कारण वजा केले असता

रूपांतर ही स्वतंत्र निर्मिती असते, तिला मूळ कृतीच्या मापाने मोजू नये, हे मत समीक्षेत आता जवळजवळ सिद्धान्ताच्या दर्जाला पोहोचले आहे. त्याच्या आडोशाने काय काय निसटते, हे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) आणि त्यावर आधारलेला हिंदी ‘धडक’ (२०१८) शेजारी ठेवले असता कळते.

‘सैराट’ करमाळा तालुक्याचा आहे. मंजुळे यांचे जेऊर आणि कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले केम ही याच तालुक्यातील गावे. जेथले कुंकू दूरदूरच्या घरांत सौभाग्यचिन्ह ठरते, तेथेच कोणी कोणाच्या नावाने कुंकू लावावे हे मात्र जात ठरवते. आर्ची पाटील आणि परश्या काळे यांच्या प्रेमाचा घात याच व्यवस्थेत होतो. वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली मारूनही प्रिन्सचे काही बिघडत नाही. शेवटच्या हत्येची उपपत्ती या एका थपडेत आधीच सांगून झालेली असते.

‘धडक’ने कथानकाचा सांगाडा घेतला, अजय-अतुल यांचे संगीत घेतले आणि जात ओझरत्या उल्लेखापुरती ठेवली. उरला तो उदयपूरच्या एका घराण्याचा अहंकार आणि एक क्रूर बाप. स्थळ बदलले म्हणून हे अटळ होते, हा बचाव टिकत नाही. राजस्थानात जातिव्यवस्था नाही, असे कोण म्हणेल? तेथील जातवास्तवाचा शोध घेणे शक्य होते. तो घेतला गेला नाही.

शेवटातील बदलही याच दृष्टीने वाचावा लागतो. ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्या दोघेही मारले जातात, आवाज थांबतो आणि रक्ताने माखलेली बाळाची पावले दाराबाहेर, समाजाकडे जातात. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल मरतात, नायिका उरते. प्रश्नाची जागा एका स्त्रीचे वैयक्तिक दुःख घेते.

या वळणाला हिंदीत जुनी वाट आहे. धर्मवीर भारतींच्या ‘गुनाहों का देवता’ (१९४९) या कादंबरीत चंदर कपूर आणि सुधा शुक्ला यांच्यातही जातीची भिंत आहे. तरीही पिढ्यानपिढ्या ती त्यागाची, उदात्त प्रेमाची कथा म्हणून वाचली गेली. २०१५ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे ‘एक था चंदर एक थी सुधा’ हे नावही तिला दोन जिवांची गोष्ट करून टाकते. भारतींनी भिंत निदान दाखवली होती; वाचकांनी तिच्यावर पडदा ओढला. ‘धडक’ने तो पडदाच संहिता म्हणून स्वीकारला.

रूपांतरकाराने गाव बदलावे, बोली बदलावी, शेवटही बदलावा. मारणारा हात का उठला, याचे उत्तर पुसण्याची मुभा मात्र त्याला नाही. कारणावाचून मृत्यू हा अपघात ठरतो. आणि अपघातावर हळहळून प्रेक्षक निर्दोष घरी जातो.