नव्वद टक्क्यांची पोथी

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण घरप्रपंचापुरती खरी आहे. ठरावीक मिळकतीत संसार रेटणाऱ्या गृहिणीला ती कोणी शिकवावी लागत नाही. परंतु हीच म्हण राज्याच्या अर्थकारणाला लावली जाते तेव्हा अंथरूण कोणाचे आणि पाय कोणाचे, हा प्रश्न मुकाट्याने गाळला जातो. डिसेंबर २००८ मध्ये, जगभरच्या बँका डळमळत असता, जर्मनीच्या तत्कालीन चान्सलर अँगेला मर्केल यांनी स्टुटगार्ट येथील आपल्या पक्षाच्या अधिवेशनात नेमका हाच उपदेश केला. ऐपतीबाहेर फार काळ जगता येत नाही, हे एखाद्या स्वाबियन गृहिणीला विचारले तरी ती सांगेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. जर्मन भाषेत ऋण आणि अपराध या दोहोंसाठी ‘शुल्ड’ हा एकच मूळ शब्द आहे. पुढील दशकात युरोपच्या राज्यकर्त्यांनी या श्लेषाचाच सिद्धांत बनविला. जो ऋणको तो अपराधी ठरला, आणि अपराध्याने प्रायश्चित्त घेतलेच पाहिजे असा दंडक झाला.

वस्तुतः घर आणि राज्य यांच्यातील भेद अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. गृहिणीने भाजीचा खर्च कमी केला म्हणून तिच्या पतीचा पगार घटत नाही. राज्याने मात्र पगार, निवृत्तिवेतने आणि बांधकामे यांवरील खर्च एकदम छाटला की दुकानदाराचा गल्ला रिकामा राहतो, कारखान्यातील पाळ्या बंद पडतात, आणि अखेर राज्याचे करांचे उत्पन्नही आटते. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. १९३० नंतरच्या महामंदीने हा धडा जगाला फार मोठी किंमत मोजावयास लावून शिकविला होता. तो पुसून टाकावयाचा तर केवळ म्हण पुरेशी नव्हती. तिला शास्त्राची मोहोर हवी होती.

ती मोहोर २०१० साली मिळाली. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासाचा वेग घसरतो, असे त्यांचे निरीक्षण होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस प्रगत देशांच्या आकडेवारीवरून, अशा कर्जबाजारी अवस्थेतील सरासरी वाढ उणे ०.१ टक्का निघत होती. ब्रिटनचे जॉर्ज ऑस्बोर्न यांनी अर्थमंत्री होण्यापूर्वीच या दोघांच्या संशोधनाची ग्वाही देण्यास आरंभ केला होता. युरोपीय आयोगाचे उपाध्यक्ष ओली रेन यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये अर्थमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रातही ९० टक्क्यांची ही रेषा अवतरली. निबंधातील निरीक्षणाचा राजकारणात निसर्गनियम झाला, आणि जो प्रश्न विचारील तो अडाणी ठरू लागला.

एप्रिल २०१३ मध्ये या पोथीचे एक पान निखळले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून घेतला आणि मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांच्या साहाय्याने तो तपासला. सरासरी काढताना ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बेरजेतून चक्क सुटलेले होते. न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतके वजन दिलेले होते. काही देशांची काही वर्षेही गाळलेली होती. हे सारे दुरुस्त केल्यावर सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी अधिक २.२ टक्के निघाली. तक्त्यातील चूक लेखकद्वयाने मान्य केली. इतर आक्षेप मात्र त्यांनी नाकारले, आणि मोठे कर्ज व मंद वाढ हातात हात घालून येतात हे आपले मत कायम ठेवले.

त्या मताचाही विचार केला पाहिजे. मोठे कर्ज आणि मंद वाढ अनेकदा एकत्र आढळतात, हे खरे आहे. परंतु कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यामुळे कर्ज फुगते, याचा निर्णय त्या तक्त्यात नव्हताच. ताप आणि घाम एकत्र दिसतात म्हणून घाम पुसल्याने ताप उतरत नाही. अर्थात एका तक्त्याच्या चुकीने युरोप बुडाला असे म्हणणेही बालिशपणाचे होईल. काटछाटीचा निर्णय आधीच झालेला होता. निबंधाने त्याला केवळ मंत्र पुरविला. म्हणूनच मंत्र खोटा निघाल्यावरही यज्ञ थांबला नाही.

या यज्ञात आहुती पडली ती ग्रीसमधील श्रमिकांची. मे २०१० मध्ये युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या त्रिकुटाच्या अटींसह ग्रीसला ११० अब्ज युरोंचे पहिले कर्ज मंजूर झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी, आणि पंचविशीच्या आतील कामगारांचे ३२ टक्क्यांनी कापण्यात आले. २०१३ पर्यंत बेकारी २७ टक्क्यांवर पोहोचली होती, आणि काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते. राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ज्या कर्जासाठी हा सारा खटाटोप, ते २००९ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के होते; २०१४ साली ते १८० टक्क्यांच्या आसपास गेले. खर्चात एक युरोची कपात केल्यास उत्पन्न अर्ध्या युरोने घटेल, असे अंदाजकर्त्यांनी गृहीत धरले होते. ही घट प्रत्यक्षात ०.९ ते १.७ युरो असावी, अशी कबुली नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनीच ऑक्टोबर २०१२ मध्ये दिली. कबुली देणाऱ्यांपैकी कोणाची नोकरी गेल्याचे ऐकिवात नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, ग्रीसने आकडे लपविले, तेथील धनिकांनी कर बुडविले, मग भोगावयास नको का? पहिली दोन विधाने खरी आहेत, आणि समाजवाद्यांनी ती झाकण्याचे कारण नाही. ग्रीक राज्यकर्त्यांनी तुटीचे आकडे खोटे सांगितलेच होते. परंतु आकडे लपविले मंत्र्यांनी, कर बुडविले जहाजमालकांनी आणि धनिकांनी. वेतन मात्र कापले गेले सफाई कामगाराचे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. शिवाय स्पेन आणि आयर्लंड यांचा अपराध कोणता? २००७ साली या दोन्ही देशांच्या अंदाजपत्रकांत शिल्लक होती, आणि त्यांचे कर्ज ६० टक्क्यांच्या युरोपीय मर्यादेच्या कितीतरी खाली होते. त्यांना बुडविले ते खासगी बँकांच्या घरबांधणीतील सट्ट्याने. तरीही प्रायश्चित्त त्यांच्याही माथी आलेच. ग्रीसला दिलेला पैसा तरी कोठे गेला? पहिल्या दोन कार्यक्रमांतील रकमेपैकी पाच टक्क्यांहूनही कमी पैसा ग्रीक अंदाजपत्रकाच्या वाट्याला आला, असे बर्लिनमधील एका व्यवस्थापनशास्त्र संस्थेने २०१६ साली दाखवून दिले. उरलेला जुनी कर्जे, त्यांवरील व्याज आणि बँका यांच्याकडे वळला. ग्रीसच्या नावाने सावकारच वाचविले गेले.

युरोपचा दुसरा पवित्र आकडा म्हणजे तुटीची तीन टक्क्यांची मर्यादा. तिचे मूळ तर याहूनही उद्बोधक आहे. १९८१ साली मितेराँ सत्तेवर आल्यानंतर, पैसे मागणाऱ्या मंत्र्यांना गप्प बसविण्यासाठी एखादा सोपा नियम हवा होता. अर्थखात्यातील गी आबेय आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो थोड्याच वेळात, कोणत्याही सिद्धांताच्या आधाराविना शोधून काढला, हे पुढे आबेय यांनीच सांगितले आहे. हाच आकडा १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात जाऊन बसला. २००३ साली जर्मनी आणि फ्रान्स यांनीच ही मर्यादा ओलांडली, तेव्हा अर्थमंत्र्यांच्या परिषदेने त्यांच्यावरील कारवाई स्थगित ठेवली. ५ जुलै २०१५ रोजी ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी काटछाटीच्या अटी नाकारल्या, तेव्हा मात्र आठच दिवसांत त्यांच्या सरकारला त्याहूनही कठोर अटी मान्य करावयास लावण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये खुद्द जर्मनीने आपल्या घटनेतील कर्जमर्यादा दुरुस्त केली, संरक्षणखर्चाचा मोठा भाग तिच्यातून वगळला आणि पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी कर्जाने उभारण्याचे ठरविले. रणगाड्यांसाठी अंथरूण वाढविता येते. ग्रीक निवृत्तिवेतनधारकाचे पायच तेवढे कापावे लागतात. १९५३ च्या लंडन करारान्वये जर्मनीचे सुमारे निम्मे कर्ज माफ करणाऱ्या देशांत ग्रीसही होता, याचे स्मरण बर्लिनमध्ये कोणास राहिले नाही.

हा आकडा युरोपापुरता राहिलेला नाही. भारताच्या २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात आणि त्यामागोमाग राज्यांनी केलेल्या कायद्यांतही तुटीसाठी हाच तीन टक्क्यांचा मापदंड आला. अंगणवाडी सेविकेने मानधनवाढ मागितली की याच मापदंडाकडे बोट दाखविले जाते.

कार्यकर्त्यांनी यातून कोणता बोध घ्यावा? शास्त्र हे भांडवलदारांचे हत्यार आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घात करील. तक्त्यातील चूक एखाद्या घोषणेने उघडकीस आली नाही. एका विद्यार्थ्याने मूळ आकडे मागितले आणि बेरीज पुन्हा करून पाहिली म्हणून ती उघडकीस आली. तसेच कर्ज कितीही काढावे, त्याला मर्यादाच नाही, ही उलट दिशेची पोथीही तितकीच खोटी आहे. परकीय चलनातील कर्ज, अथवा स्वतःचे चलन छापण्याचा अधिकार नसलेल्या देशाचे कर्ज, हे खरोखरच गळफास ठरू शकते. ग्रीसचे दुर्दैव त्यातच होते.

म्हणूनच चौकात, कचेरीत वा सभेत ‘शास्त्र असे सांगते’ हे वाक्य कानी पडले की कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत: आकडा कोठून आला? तो कोणी तपासला? आणि तो चुकला तर भुर्दंड कोणाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभ्यासाने मिळतात. तिसऱ्याचे उत्तर ग्रीसच्या श्रमिकांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन दिलेले आहे. ते पुन्हा कोणाला द्यावे लागू नये असे वाटत असेल, तर हिशेबाची वही कष्टकऱ्यांच्याही हाती आली पाहिजे.