कृष्णविवराचे गणित हरसूलच्या वर्गातही

कृष्णविवर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सारे काही गिळणारा राक्षस उभा राहतो. भाषणांत आणि भित्तिपत्रकांतही त्याचे असेच वर्णन आढळते. माझ्या मते अशाने चमत्कार तेवढा लक्षात राहतो आणि विज्ञान मागे पडते. जे दिसत नाही ते आहे, हे कशावरून ठरले? खरा प्रश्न हा आहे.

त्याचे उत्तर कृष्णविवराभोवतीच्या वायूत सापडते. सक्रिय दीर्घिकांच्या केंद्राकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. तो चकतीसारखा फिरत राहतो, घर्षणाने तापतो आणि प्रकाश व क्ष-किरण बाहेर टाकतो.

सप्तर्षींच्या शेजारच्या भागात, सुमारे २.५ कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी ४२५८ ही अशी एक दीर्घिका आहे. तिच्या चकतीतील पाण्याच्या वाफेकडून रेडिओ लहरी येतात. त्यांच्या तरंगलांबीतील बदलावरून वाफेचा वेग कळतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत केंद्रापासून सुमारे ४ लाख कोटी किलोमीटरवर हा वेग सेकंदाला जवळजवळ १,१०० किलोमीटर भरला. बाहेर जावे तसा तो केप्लरच्या नियमाप्रमाणे कमी होत होता.

आता वही घ्या. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले वैश्विक गुरुत्व स्थिरांक, म्हणजे केंद्रातील वस्तुमान. किलोमीटरचे मीटर करायला मात्र विसरू नका. उत्तर सूर्याच्या सुमारे ३.५ कोटी पट येईल! इतक्या लहान जागेत तेवढे तारे दाटीवाटीने फार काळ टिकणार नाहीत. म्हणून तेथे कृष्णविवर मानावे लागते.

दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यापलीकडचे यात फारसे काही नाही. नाशिक जिल्ह्यातील हरसूलसारख्या गावातही हे उदाहरण फळ्यावर यावे. त्याला दुर्बीण लागत नाही, खडू पुरतो. 'परीक्षेत विचारत नाहीत', असे काही शिक्षक म्हणतील. पण धडा कशासाठी शिकलो, हे कळायला एक तास खर्च झाला तर बिघडले कोठे?

वेधशाळा पाहायची तर तीही आपल्याच मुलखात आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावजवळ, खोडदच्या परिसरात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण शेतशिवारात उभी आहे. सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रांतून निघणाऱ्या झोतांचा अभ्यास तेथे होतो. शाळेची सहल तेथे जरूर न्यावी. मात्र निघण्यापूर्वी हे गणित प्रत्येकाने स्वतः सोडवलेले असावे.