अकरा क्षेत्रं, पण जबाबदार कोण?

पोस्टिंग कुठलंही असो, भरतीच्या मैदानात पहाटे रांगेत उभी राहणारी पोरं सारखीच दिसतात. त्यांच्यासाठी देशाचं युवा धोरण आहे. १९८८, २००३, मग २०१४. तरुण आधी १३ ते ३५ वयाचा होता, २०१४ ला १५ ते २९ चा झाला. पाच उद्दिष्टं, अकरा प्राधान्यक्षेत्रं ठरली. पण शिक्षण एका मंत्रालयाकडे, कौशल्य दुसऱ्याकडे, रोजगार तिसऱ्याकडे. युवा मंत्रालयाकडे मुख्यतः एनएसएस, शिबिरं आणि खेळ. फौजेत प्रत्येक कामगिरीला एक कमांडर असतो, मुदत असते आणि चुकलं तर जाब द्यावा लागतो. या अकरा क्षेत्रांचा दरवर्षी संसदेपुढे हिशेब देणारा एकच मंत्री नेमा. नाहीतर तिशी गाठलेला पोरगा धोरणातून आपोआप गळतो आणि चूक मात्र कुणाचीच नसते.