पट्टीला लागलेली कात्री

आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. ढोल वाजून झाले असतील, तर सुरतेतल्या लिंबायत-उधन्याकडे वळू. पाळी सुटल्यावर औषधाच्या दुकानासमोर उभे राहा. चिठ्ठीवर अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या, महिन्याच्या गोळ्या असतात. लूमवरचा खानदेशी कामगार पाच दिवसांच्या मागतो. दुकानदार काही न बोलता पट्टीला कात्री लावतो. या कात्रीवर जीएसटी परिषदेत कोण बोलले?

शून्य कर, पण कशावर? जुने आजार पॉलिसीतून कायमचे वगळायची मुभा विमा नियामकाने 2019 मध्ये दिली, तेव्हा अशा आजारांच्या यादीत अपस्मारही बसवला. म्हणजे फिट येणाऱ्याला पॉलिसी मिळाली तरी त्यातून नेमकी फिटच बाहेर ठेवता येते. त्या पॉलिसीवर कर नाही म्हणून त्याने पेढे वाटायचे काय?

राहिले आयुष्मान कार्ड. 5 लाखांचे, गुजरातने 2023 मध्ये ते 10 लाखांवर नेले. धुळे-जळगावचे कार्ड सुरतेतही चालते. पण चालते ते खाटेवर. दाखल व्हा, मग उपचार. घरी सोडल्यावर 15 दिवसांची औषधे. आजार वर्षानुवर्षांचा, औषध पंधरवड्याचे! गोळी चुकवा, चालत्या लूमवर कोसळा, डोके फोडून घ्या. मग सरकार लाखो रुपये मोजायला तयार. कोसळू नये म्हणून लागणाऱ्या गोळीला मात्र पैसा नाही.

सिव्हिलमध्ये औषध फुकट मिळते, हे उत्तर तयारच असते. मिळते ना. पण सकाळची रांग म्हणजे दिवसाचा खाडा. शिवाय खाडा का, हे मुकादमाला सांगितले की लूमवरून नाव जायची भीती. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याला कामगार राज्य विम्याचा दवाखाना कुठला?

औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हेही ऐकवले जाते. याच अपस्मारावरच्या कार्बामाझेपिनची कमाल किंमत 2021 मध्ये एका झटक्यात 50 टक्क्यांनी वाढवून दिली होती, ती कुणाच्या लक्षात आहे?

मुलींचे तर विचारूच नका. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे औषध गरोदरपणी बाळाला घातक, म्हणून डॉक्टर शक्यतो दुसरी, बहुधा महाग गोळी लिहितात. ती आणायला आई दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या दुकानात जाते. ओळखीच्या दुकानात कळले तर सोयरीक मोडेल. विवाह कायद्यातून अपस्माराचा कलंक 1999 मध्येच पुसला गेला. गल्लीपर्यंत तो कायदा अजून पोहोचायचा आहे.

मागणी मोठी नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्राची एक खिडकी पाळी सुटल्यानंतर उघडी ठेवा आणि चिठ्ठीवरच्या महिन्याच्या गोळ्या एकदम हातात द्या. कार्डावर 5 लाख लिहिता, तिथे ओपीडीच्या गोळीचीही एक ओळ लिहा.