शीत प्रदेशातील हरितगृह : रोपांबरोबर वाणही घडावेत

लडाखच्या शीत वाळवंटात हरितगृहाने भाजीपाल्याचे चित्र पालटले, हे निर्विवाद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह परिसरात वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो आणि उघड्या शेतात पीक घेण्याजोगा काळ मे ते सप्टेंबर एवढाच उरतो. सूर्यप्रकाश मात्र तेथे मुबलक आहे. तीन बाजूंना जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडे पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण, अशी साधी सौर हरितगृहे या उन्हाच्या बळावर भर हिवाळ्यातही पालेभाजी देतात.

अशा प्रदेशात हरितगृहाचे यश मात्र अजूनही किती रोपे तयार झाली आणि किती भाजी निघाली, यावरच मोजले जाते. टोमॅटोचे बी बहुतांशी बाहेरून येते आणि ज्या वाणांचे ते असते, त्यांची निवड उष्ण मैदानी प्रदेशात झालेली असते. शीत प्रदेशातील हरितगृह रोपवाटिका आहेच. ते तेथील हवामानाला साजेसे वाण घडवण्याचे ठिकाणही व्हायला हवे. विस्तार यंत्रणेने हे दुसरे काम हाती घेण्याची वेळ आली आहे.

रोप चांगले, तर हंगाम लांब

चार-पाच महिन्यांच्या हंगामात टोमॅटोचे बी थेट शेतात टाकणे म्हणजे अर्धा हंगाम गमावणे होय. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये हरितगृहात रोपे तयार करून दंव पडण्याची भीती सरल्यावर ती बाहेर लावली जातात. या कामात हवेच्या तापमानापेक्षा मातीचे तापमान अधिक महत्त्वाचे असते. टोमॅटोचे बी २० ते २५ अंश सेल्सिअसला उत्तम उगवते. १० अंशांखाली ते जवळजवळ उगवतच नाही. वाफ्याखाली ताज्या शेणखताचा थर देणे, हरितगृहाच्या आत कमानींवर प्लॅस्टिकचे दुसरे आवरण घालणे आणि सायंकाळी वरून जाड कापड पसरणे, या उपायांना वीज लागत नाही. पाण्याने भरलेली काळी पिंपे आत ठेवली, तर ती दिवसा तापून रात्री ऊब सोडतात आणि रोपांना बर्फगार पाण्याऐवजी कोमट पाणी मिळते.

घाई मात्र महागात पडते. फार लवकर पेरलेली रोपे अपुऱ्या प्रकाशात उंच व लुसलुशीत होतात आणि बाहेरच्या वाऱ्यात मोडतात. पुनर्लागवडीपूर्वी सात ते दहा दिवस पाणी कमी करून आणि दिवसा आवरण उघडून रोपे काटक करणे, ही पायरी टाळता येत नाही.

प्रश्न केवळ थंडीचा नाही

वसंत ऋतूत बंद हरितगृहातील तापमान दुपारी ३५ अंशांपलीकडे जाऊ शकते आणि त्याच रात्री ते एक अंकी आकड्यावर येते. टोमॅटोच्या फलधारणेला रात्री साधारण १५ ते २० अंश तापमान मानवते. रात्र १२-१३ अंशांहून थंड झाली, की परागकण नीट घडत नाहीत; दिवस फार तापला, तरी ते निकामी होतात. परिणाम एकच : झाड फुलते, पण फूल गळते. त्यातच बंद हरितगृहात वारा नसल्याने पराग झडत नाहीत. सकाळी दोऱ्यांना किंवा काठ्यांना हलका झटका देणे, हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे. पण परागच निकामी असतील, तर झटक्याने काय साधणार?

म्हणूनच वाणाचा विचार आवश्यक ठरतो. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘पुसा शीतल’ हा वाण रात्रीच्या ८ अंशांपर्यंतच्या तापमानातही फळ धरण्यासाठी ओळखला जातो. रशियातील ‘सेव्हेरियानिन’ या वाणात परागीकरणाविना फळ धरण्याचा गुण आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठात जेम्स बॅगेट यांनी असाच गुण असलेले ‘ओरेगॉन स्प्रिंग’सारखे वाण थंड वसंतासाठी विकसित केले. थंडीत फळ धरण्याचा गुण निसर्गात आहे आणि तो संकराने हव्या त्या फळात आणता येतो, एवढे यावरून निश्चित होते. लेहच्या दुपारी आणि लेहच्या रात्री, दोन्ही सोसणारे झाड मात्र लेहमध्येच निवडावे लागेल.

चिमट्याचे काम

टोमॅटोच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही अवयव असतात आणि ते स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे संकर करायचा, तर मादी झाडावरील कळी उमलण्याच्या एक-दोन दिवस आधी, पाकळ्या फिकट पिवळ्या होऊ लागताच, तिच्यातील पुंकेसरांचा शंकू बारीक चिमट्याने अलगद काढावा लागतो. स्त्रीकेसराला इजा होता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या उमललेल्या फुलांतून काढलेला कोरडा पराग कुक्षीवर लावला जातो. संकर केलेले फळ पुढे ओळखू यावे, म्हणून हिरव्या निदलांपैकी दोन कापतात. झाड बदलताना चिमटा व बोटे अल्कोहोलने पुसणे अनिवार्य आहे, अन्यथा परका पराग आणि विषाणू दोन्ही पसरतात. सुमारे ५० ते ६० दिवसांत फळ पिकते आणि एकाच फळातून शंभराहून अधिक बिया मिळू शकतात.

हे काम प्रयोगशाळेपुरते नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांत, विशेषतः देऊळगाव राजा परिसरात, शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बियाणे तयार करणाऱ्या कुटुंबांना, त्यातही महिलांना, हे ‘क्रॉसिंग’ अंगवळणी पडलेले आहे. पण तेथे नर व मादी वाण कंपनीचे असतात. हात शेतकऱ्याचा आणि निवड दुसऱ्याची, अशी ती व्यवस्था आहे. शीत प्रदेशात हे कौशल्य नेताना निवडही शेतकऱ्याकडे राहील, याची काळजी घ्यायला हवी.

पिढ्यांचे गणित

संकराची पहिली पिढी एकसारखी दिसते. वैविध्य दुसऱ्या पिढीत उघडे होते. एखादा अप्रभावी गुण त्या पिढीतील साधारण चौथ्या हिश्श्याच्या झाडांत प्रकट होतो. ‘सेव्हेरियानिन’मधील परागीकरणाविना फळ धरण्याचा गुण असाच आहे. म्हणजे ६० झाडे लावली, तर सुमारे १५ झाडांत तो दिसावा. एका लहान हरितगृहात ही संख्या सहज मावते. अशा झाडांच्या फळांत बी कमी असते. म्हणून बियाण्यासाठी राखलेली फुले उबदार दिवसांत हाताने परागित करावीत.

वाण स्थिर होण्यास मात्र सहा ते आठ पिढ्या लागतात. वर्षाला एकच पिढी निघणाऱ्या प्रदेशात याचा अर्थ सहा ते आठ वर्षे. हा आक्षेप खरा आहे आणि ‘तयार संकरित बी स्वस्त पडते’, हा दुसरा आक्षेपही वरवर रास्त वाटतो. पहिल्याचे उत्तर दोन प्रदेशांच्या सहकार्यात आहे. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत गव्हाच्या एका वर्षात दोन पिढ्या दोन भिन्न ठिकाणी घेतल्या होत्या. त्याच धर्तीवर लेहमधील उन्हाळी पिढीचे बी हिवाळ्यात मराठवाड्यात किंवा विदर्भात, प्रत्येक झाडाचे थोडेथोडे बी राखून, केवळ पिढी पुढे नेण्यासाठी वाढवता येईल. त्या टप्प्यावर निवड करू नये, कारण उबदार जागी उत्तम दिसणारे झाड थंडीतही उत्तम ठरेलच असे नाही. निवड शीत प्रदेशातच व्हावी. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर असे, की जे बी थंड रात्रीत फूल गाळते, ते कितीही स्वस्त मिळाले तरी महागच.

कायदाही आड येत नाही. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम, २००१ अन्वये नोंदणीकृत वाण नवा वाण घडवण्यासाठी मूळ साहित्य म्हणून वापरण्याची मुभा आहे. शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेखाली विकण्यास तेवढी मनाई आहे. शेतकऱ्याने घडवलेल्या वाणाची नोंदणीही करता येते.

विस्तार यंत्रणेने काय करावे?

शीत प्रदेशातील प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने आपल्या क्षेत्रातील काही निवडक हरितगृहांत किमान व कमाल तापमान नोंदवणारे तापमापक द्यावेत आणि फळधारणेची नोंद तापमानाशेजारी ठेवण्याची सवय लावावी. रोपवाटिकेच्या प्रशिक्षणाला दोन दिवसांचा संकराचा प्रत्यक्ष वर्ग जोडावा आणि त्यात देऊळगाव राजासारख्या भागातील अनुभवी महिलांना प्रशिक्षक म्हणून बोलवावे. थंडीत फळ धरणाऱ्या वाणांचे थोडे बी संशोधन संस्थांनी मूळ साहित्य म्हणून उपलब्ध करून द्यावे. कोरडी हवा ही लडाखची आणखी एक जमेची बाजू आहे. तेथे बी चांगले वाळते आणि चांगले टिकते.

हरितगृहाच्या प्लॅस्टिकचे आवरण काही वर्षांत फाटते आणि नवे घालावे लागते. त्या आवरणाखाली निवडलेले बी मात्र शेतकऱ्याच्या घरी राहते, शेजाऱ्याकडे जाते आणि पुढच्या वसंतात पुन्हा पेरले जाते. अनुदान देताना हा दुसरा लाभही हिशेबात धरला गेला पाहिजे.