तरणतलाव आणि तारांकन

मांडव्यापासून नागावपर्यंतच्या वाड्यांतून मुंबईकरांचे बंगले उठले, आणि बंगल्यांमागून तरणतलावही आले. समुद्र हाकेच्या अंतरावर असता तलाव हवा, आणि थंडीत तो ऊनही हवा! हौस ज्याची त्याने पुरवावी. आमची तक्रार आहे ती तिच्यापायी होणाऱ्या विजेच्या उधळपट्टीबद्दल.

हिशेब सोपा आहे. 50 घनमीटर पाणी 5 अंशांनी तापविण्यास विजेच्या साध्या हीटरला सुमारे 290 युनिटे लागतात. हवेतील उष्णता खेचून पाण्यास देणारा हीट पंप तेच काम याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात करतो. रात्री तलावावर आच्छादन घातले, तर बाष्पीभवनाने जाणारी उष्णताही वाचते.

2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने उपकरणांची मानके ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला. त्यानुसार गृहस्थाच्या न्हाणीघरातील साठवणीच्या गीझरला तारांकन सक्तीचे झाले. तलावाचा हीटर मात्र मोकळाच राहिला. अमेरिकेने 2023 मध्ये अशा विजेच्या हीटरांसाठीही मानके जाहीर केली. 25 लिटरांच्या गीझरला शिस्त आणि 50 हजार लिटरांच्या तलावाला सूट, हा कोठला न्याय?

2020 च्या निसर्ग वादळानंतर याच किनाऱ्यावरील गावांनी कित्येक रात्री अंधारात काढल्या. विजेचे मोल त्यांस शिकवावे लागत नाही. सरकारने तलावाच्या हीटरांनाही विनाविलंब मानक लावावे. बिल भरणारा मालक एकटा असेल. वीज मात्र सर्वांची आहे.