बांधावरचा माणूस वाचवा

रात्री चेन्नईच्या एग्मोर स्थानकात तंजावरच्या एका गाडीची घोषणा होते: उळवन एक्स्प्रेस. तमिळमध्ये उळवन म्हणजे नांगर धरणारा, शेतकरी. नोकरीसाठी चेन्नईत नवा होतो तेव्हा एका तमिळ सहकाऱ्यानं मला हा अर्थ सांगितला आणि मी फलाटावरच थबकलो. पुढं २०१८ मध्ये तमिळनाडू सरकारनं याच नावाचं मोबाइल ॲप काढलं. बाजारभाव, हवामान, अनुदानाच्या योजना, सगळं त्यात आहे. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी सोय. सहायक कृषी अधिकारी आपल्या गावात कोणत्या दिवशी येणार, हे त्यात कळतं.

म्हणजे ॲप करणाऱ्यांनाही ठाऊक आहे की शेवटी कुणीतरी बांधावर यावंच लागतं. महाराष्ट्रात नेमकं ते येणं आज बंद पडत चाललं आहे. हा लेख त्यासाठी लिहितो आहे.

माझं गाव लातूर जिल्ह्यात. सोयाबीन नवं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या गावाला एक कृषी सहायक होते. एका मे महिन्यात त्यांनी आमच्या ओसरीवर पाण्यात भिजवलेलं गोणपाट अंथरलं आणि आबांच्या हातात घरच्याच बियाण्याची मूठ दिली. दहा-दहाच्या दहा ओळी, एकूण १०० दाणे. गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात सावलीला ठेवलं. रोज त्यावर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं. आठवड्यानं साहेब परत आले, गुंडाळी उलगडली, आणि आम्ही तिघांनी गुडघ्यावर बसून मोड मोजले. ६२ निघाले. “सत्तरच्या वर असते तर नेहमीसारखं पेरा म्हटलं असतं,” ते म्हणाले, “आता एकरी बी वाढवा, आणि पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका.” आबा शाळा शिकले नव्हते, पण त्यानंतर एकही वर्ष त्यांनी न मोजता पेरलं नाही. या एका गोणपाटानं आमची किती दुबार पेरणी वाचवली याचा हिशोब कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही.

शेतीचं ज्ञान बांधापर्यंत नेण्याचा, म्हणजे विस्तारसेवेचा, इतिहास मला चेन्नईत जास्त उमगला. एग्मोरहून लोकलनं निघालं की पाचवं स्थानक सैदापेट. १८६५ च्या सुमारास तिथं मद्रास सरकारनं प्रयोगशेती सुरू केली, विलायती नांगर आणि यंत्रं मागवली. १८७६ मध्ये तिथंच शेतकी शाळा निघाली. हेतू चांगला होता. पण शेत सरकारी कुंपणात राहिलं आणि रयत कुंपणाबाहेर. महागडा लोखंडी नांगर इथल्या बैलांना ओढवतो का, इथल्या कुणब्याला परवडतो का, हे विचारायला त्याच्या दारात नेमानं जाणारं कुणी नव्हतं. शेवटी ते शिक्षण कोइमतूरला हलवलं गेलं. १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारनं पाठवलेले डॉ. व्होएलकर देशभर हिंडले आणि त्यांनी लिहून ठेवलं की हिंदी शेतकऱ्याला अडाणी समजण्याचं कारण नाही, उलट त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. विस्तारसेवेची खरी सुरुवात मी या कबुलीपासून मानतो. आधी त्याचं ऐकायचं, मग त्याला सांगायचं.

स्वातंत्र्यानंतर हे काम देशानं मनावर घेतलं. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, वर्षभरानं राष्ट्रीय विस्तार सेवा आली. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला, त्याचा आपण मराठी माणसांनी अभिमान बाळगायला हवा. पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बनली. आठवड्यातून दोनदा, असे २० कार्यक्रम झाले. लोक चावडीत बसून ऐकायचे, त्यावर वाद घालायचे आणि प्रश्न लिहून आकाशवाणीला कळवायचे. पुढं पाहणी झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथं लोकांच्या माहितीत फारसा फरक पडला नव्हता. जिथं लोक एकत्र बसले, बोलले, तिथं तो ठळक दिसला. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे म्हणून कृषी सहायकाची गरज संपली असं सांगणाऱ्यांनी ही सत्तर वर्षांपूर्वीची पाहणी वाचावी.

उळवन एक्स्प्रेस जिथं थांबते त्या तंजावरला १९६० पासून सघन शेतीचा पॅकेज कार्यक्रम राबवला गेला. त्याच कार्यक्रमात पुढच्या टप्प्यात आपला भंडारा जिल्हाही होता. तंजावरच्या पट्ट्यात एडीटी २७ हे भाताचं वाण इतकं झपाट्यानं पसरलं की लोक त्याला रेडिओ भात म्हणू लागले. नाव रेडिओचं झालं, पण रोपवाटिका कशी करायची, खत कधी द्यायचं, हे चिखलात उतरून दाखवणारे पाय विस्तार कर्मचाऱ्यांचे होते.

आणखी एका वाणाची गोष्ट. चेन्नईच्या पश्चिमेला तिरुवल्लूर जिल्ह्यात तिरुरकुप्पमचं भात संशोधन केंद्र आहे. तिथलं टीकेएम ६ हे वाण फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेलं आणि आयआर २०, आयआर २६, आयआर ३६ अशा वाणांच्या वंशावळीत मिसळलं. तिथल्या शेतकऱ्यांच्या खाचरात आपल्या शेजारच्या भाताचं रक्त आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्या शेतकऱ्यांपर्यंत नवं बियाणं पोचवायला फिलिपिन्सनं १९५२ मध्ये स्वतंत्र कृषी विस्तार विभाग उभारला. १९७३ मध्ये मासागाना ९९ मोहीम काढली. हेक्टरी ९९ पोती भाताचं लक्ष्य, गावोगाव तंत्रज्ञ, सोबत पीककर्ज आणि रेडिओ. कर्जवसुली पुढं कोलमडली, ते अपयश लपवण्यासारखं नाही. पण भातासाठी परदेशाकडे बघणारा तो देश त्या काळात काही वर्षं स्वयंपूर्ण झाला. मग १९९१ च्या स्थानिक शासन कायद्यानं केंद्राकडचे १७ हजारांच्या आसपास कर्मचारी प्रांत आणि नगरपालिकांकडे सोपवले गेले. ज्या नगरपालिकेकडे पैसे आणि आस्था होती तिथं काम चाललं, इतरत्र तंत्रज्ञाला मिळेल ती कामं लावली गेली. संशोधन संस्थेला जगभर मान राहिला, आणि तिथून शेतापर्यंत जाणारी वाट मात्र जागोजागी तुटली.

आपली वाट वेगळ्या तऱ्हेनं तुटते आहे. प्रशिक्षण आणि भेट योजनेच्या दिवसांत कर्मचाऱ्याचा गावभेटीचा वार ठरलेला असायचा. आता अनेक गावं एकाच सहायकाकडे आहेत, शेजारची पदं रिकामी आहेत, आणि जो आहे तो पंचनामे, ऑनलाइन अर्ज आणि छायाचित्रं अपलोड करण्यात बुडाला आहे. गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा हुमणीनं वाळलेला ऊस दाखवायला मी तीनदा कृषी कार्यालयात खेटे घातले. तिथल्या टेबलामागच्या तरुणाच्या डोळ्यांखाली झोप नसल्याची काळी वर्तुळं होती. त्याच्यावर राग धरणं मला जमलं नाही.

रिकामी जागा रिकामी राहत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या १०० शेतकऱ्यांपैकी जेमतेम सहा जणांना विस्तार कर्मचाऱ्याकडून माहिती मिळत होती, औषध-खत दुकानदाराकडून त्याच्या दुपटीहून जास्त जणांना. दुकानदार वाईट असतो असं नाही, पण त्याचं पोट विक्रीवर आहे. फवारू नका, आठ दिवस थांबा, हा सल्ला त्याच्याकडून मिळणं अवघड. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणतं औषध कशात मिसळू नये, वारा कुठला असताना पंप खांद्यावर घेऊ नये, एवढं सांगणारं माणूस प्रत्येक शिवारात वेळेवर पोचलं असतं, तर त्यातली काही माणसं आज घरी असती. मला तसा विश्वास आहे आणि म्हणून मी शांत बसू शकत नाही.

तेव्हा मंडळी, उठा. कृषी सहायक ही सरकारनं केलेली मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे. आपल्या गावाचा सहायक कोण, त्याच्याकडे किती गावं, पद भरलेलं आहे की नाही, हे या आठवड्यात विचारून घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागला तर करा. पदं भरा म्हणून आमदाराकडे जाताना एकटे जाऊ नका, बाया-बाप्ये मिळून जा. निम्म्याहून जास्त शेतकाम बाईच्या हातचं असतं आणि बीजप्रक्रिया तर बहुतेक घरांत तीच करते. शेतीशाळा लागली तर तिला पुढं बसवा. शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्यांनी फक्त हळहळून भागणार नाही. गावी फोन कराल तेव्हा पावसाबरोबर साहेब येऊन गेले का हेही विचारा. आणि निवृत्त कृषी सहायकांनो, तुमच्या जुन्या डायऱ्या रद्दीत घालू नका. कोणत्या शिवारात कोणती कीड कोणत्या आठवड्यात येते, हे त्यात लिहिलेलं आहे. गावातल्या दोन पोरांना ते वाचून दाखवा.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. ज्या तारखेला देशानं हे काम सुरू केलं तीच तारीख. माझ्या गावच्या सभेसाठी मी इथून ठरावाचा मसुदा पाठवला आहे. सहायकाचं रिकामं पद पेरणीआधी भरावं. त्याचा गावभेटीचा वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि त्या दिवशी त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नये. दर खरिपाआधी चावडीत गोणपाटावर बियाण्याची उगवण तपासावी, सगळ्यांसमोर. एवढाच ठराव आहे. गावाचं नाव बदला आणि तुमच्या सभेत मांडा.